व्याह्यांची सापसुरळी

व्याही, तुमचे दिवस घालून मी काल संध्याकाळी उंब्रजला परत आलो. पाय धुतले, चहा घेतला आणि सोप्यात येऊन बसलो, तर समोरच्या भिंतीवर पाल चुकचुकली. माझी बोटं सवयीनं जमिनीवर आपटली आणि तोंडातून "कृष्ण कृष्ण" निघालं. लगेच कानात तुमचं बोलणं आलं, "आवं पाव्हणं, ती तिच्या कारभाऱ्याला हाक मारती. तुमी मधेच देवाला कशाला तरास देताय?" यावर मी काहीतरी खरमरीत बोलायचो आणि मग आपलं तासभर चालायचं. काल उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं. आमच्या घरात माझ्याशी कोणी भांडत नाही. सगळे "बरं, बरं" म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. माझ्याशी मनापासून भांडणारा माणूस तुम्ही, आणि तुम्हीच उठून गेलात.

तुमच्या दारात बसलेले लोक तुमच्याविषयी फार गोड बोलत होते. माणूस गेला की लगेच त्याचा देवमाणूस होतो. मला ते ऐकवेना. तुम्ही हट्टी होता. पाहुण्याला ताटावर बसवून वेलीवरचा किडा बघायला जात होता. आणि आपलं चुकलं असं तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. हे तिथं कोणी बोललं नाही, म्हणून मी इथं लिहितो. तुम्हाला आवडलं असतं.

आपली सोयरीक तर पालीवरूनच मोडायची होती. माझ्या हौसाच्या लग्नाची बैठक तुमच्या घरी भरली होती. सगळं ठरलं, सुपारी फोडायला माझ्या हातात आली, आणि तुमच्या तुळईवरून पाल चुकचुकली. मी सुपारी ताटात ठेवून दिली. आमचे भाऊ तर पायात वहाणा घालायला उठले. तुम्हाला मी तोवर नीट ओळखतही नव्हतो. तुम्ही शांतपणे विचारलंत, "पाव्हणं, तुमच्याकडं पाल चुकचुकली की काय म्हणत्यात?"

"शंका काढती म्हणत्यात. काम मोडतं."

"आमच्याकडं म्हणत्यात, खरं हाय म्हणून साक्ष देती. आता बघा, पाल हाय आमच्या घरची. तिला उंब्रजची रीत कशी ठावं असंल? फोडा सुपारी."

सगळी बैठक हसली. मलाही हसू आवरेना आणि हसता हसता मी सुपारी फोडली. घरी येताना गाडीत मात्र मनात पाल चुकचुकतच होती. तुमचा मुलगा शामराव पलटणीत, लढाई पेटलेली. लेक दिली ती नवऱ्याच्या घरी की सासऱ्याच्या, हेच मला कळत नव्हतं.

पुढं तुमचा पानमळा बघायला आलो. मिरजेच्या पूर्वेला एवढं गार काही असेल असं मला वाटलं नव्हतं. शेवरी आणि पांगाऱ्यावर चढलेल्या वेली, खाली ओला पाला, आणि आत उन्हाचे नुसते कवडसे. तुम्ही दाराशीच माझ्या वहाणा काढायला लावल्यात. पानमळ्यात पायताण चालत नाही, ती देवाची जागा, हे मला मान्य. पण चार पावलं गेलो आणि पाल्यातून काहीतरी चकचकीत सळसळत गेलं. मी जागच्या जागी उडी मारली. तुम्ही म्हणालात, "सापसुरळी हाय. कामावर निघाली." जणू ती तुमच्याकडं रोजानं येत होती!

आमच्याकडं सापसुरळी म्हणजे यमाची धाकटी बहीण. चावली तर माणूस पाणी मागत नाही. चावून ती आधी पाण्याला पोचली तर माणूस मेला, माणसानं आधी पाणी पिलं तर ती मेली, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही ठाऊक. आमच्या भावकीतला एक धट्टाकट्टा गडी बांधावर मरून पडला आणि त्याला सापसुरळीच चावली असं सगळे सांगत. हौसा तेव्हा लहान होती. त्याला दारात आणून ठेवलेला तिनं पाहिला होता.

त्या दिवशी तुम्ही मला अख्खा मळा तुमच्या नजरेनं दाखवलात. सापसुरळी पाल्याखाली अळ्या, नाकतोडे, झुरळं वेचते. दगडी बांधाच्या फटीतल्या पाली अंधार पडल्यावर निघतात आणि शेवरीच्या खोडावर चढून पतंग-पाखरं टिपतात. दिवसपाळी एकीची, रातपाळी दुसरीची. या दोघींवर भारद्वाज, मुंगूस आणि कवड्या साप जगतात. मी म्हटलं, "म्हणजे साप पोसायला तुम्ही सापसुरळ्या पोसताय म्हणा की!" तुम्ही म्हणालात, "मी कुणाला पोसत न्हाई. पाला न जाळता तसाच ठेवतो. चैतात जमीन गार ऱ्हाती, आन् ज्याला ऱ्हायाचं ते ऱ्हातं." तुमच्या मळ्यात वाळवी कमी ती सापसुरळ्यांमुळं, असं तुमचं म्हणणं. ती पाण्याच्या ओलीमुळं, असं माझं. हा वाद मिटलेला नाही, व्याही. माझं म्हणणं आजही तेच आहे, हे लक्षात असू द्या.

मग ते वर्ष आलं. हौसा पंचमीला माहेरी आली, कडेवर बाळू. पंचमी झाली, गौरी-गणपती झाले, तरी ती जायचं नाव काढीना. तिच्या आईनं खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. आषाढात तिनं बाळूला मळ्याच्या कडेला वाकळेवर निजवलं होतं. भाकरी घेऊन परत आली, तर पोराच्या छातीवरून सापसुरळी सरसरत गेली. पोर हसत होतं. हिच्या हातातली भाकरी मातीत पडली.

मग तुमच्याविषयी मला म्हणाली, "तात्यांना म्हनावं घराभोवतीच्या आन् मळ्यातल्या समद्या पाल्याला काडी लावा. मग मी येती. माजं एकच पोर हाय, आबा. त्येचा बाप कुठं हाय, कसा हाय, मला ठावं न्हाई. ह्येला बी काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

जावई ब्रह्मदेशाच्या बाजूला होता आणि महिनोन्महिने त्याची खबर नव्हती. मी तुम्हाला निरोप धाडला. तुमचा निरोप आला की घराभोवतीचा पाला काढतो, ओटा उंच बांधतो, पण मळ्यातला जाळता येणार नाही, उन्हाळ्यात वेली जातील. हौसा म्हणाली, "मग न्हाई." दसरा गेला, दिवाळी गेली. गावात कुजबुज सुरू झाली. नवरा लढाईवर आणि पोरगी माहेरी, म्हणजे सासऱ्यानं टाकली असणार, असं बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या. आमची कारभारीण ते ऐकून घरी यायची आणि चुलीपुढं डोळे पुसायची. रागाच्या भरात मीही ठरवून टाकलं होतं की पोरगी इथंच राहील, बाळू इथंच वाढेल, ज्याला सून नको त्यानं आपल्या सापसुरळ्या सांभाळाव्यात.

अशा वेळी तुम्ही आलात. सुनेला न्यायला दीर येतो, गडी येतो, सासरा स्वतः आलेला आमच्या गावानं पाहिला नव्हता. तुम्ही मसूर स्टेशनवरून चालत आला होतात, पायावर धूळ होती. मी दोन शब्द सुनवायला तयारच होतो, पण तुम्ही भांडायला जागाच दिली नाहीत. जेवलात, बाळूला पाठीवर घेऊन घोडा घोडा केलात, आणि न्यायची गोष्टसुद्धा न काढता झोपलात.

सकाळी कडाक्याची थंडी होती. तुम्ही हौसाला म्हणालात, "पोरी, चल, तुझ्या म्हायारची सापसुरळी दाव."

"आमच्यात न्हाईत, तात्या."

"बघू तर."

मागल्या अंगणात कडब्याच्या गंजीला लागून आमचा जुना दगडी बांध आहे. हौसाचं सगळं बालपण त्या बांधावर बसून गजगे खेळण्यात गेलं. तुम्ही वाकलात, एक चपटा दगड उचललात, आणि खाली ती होती. गारठ्यानं आखडलेली, तांब्याच्या रंगाची, तुळतुळीत. तुम्ही अलगद उचललीत. हौसा दोन पावलं मागं सरली आणि बाळूला तिनं पदरात घेतलं.

"तू ह्येंच्या डोक्यावर बसून खेळलीस, आन् ह्या हितं खाली ऱ्हात हुत्या. काय केलं तुला त्येंनी? पंचमीला नागोबाला दूध, आन् त्येच्या धाकट्या भावंडाला धोंडा, ह्यो कुठला न्याय?"

"तात्या, तुमी सोडा ती. चावंल."

"चावली तर मानूस जातो, असंच तुझं म्हननं न्हवं?"

"व्हय."

"मग मी जातो का ते बघ." आणि तुम्ही करंगळी तिच्या तोंडाशी नेलीत. तिनं ती गच्च धरली.

आमची कारभारीण अशी ओरडली की शेजारचे धावत आले. तुमचा हात झटकला गेला, सापसुरळी खाली पडली, शेपूट तिथंच वळवळत ठेवून बांधात शिरली. कोणीतरी ओरडलं, "पानी! ती पान्याला पोचायच्या आत पानी पाजा!" व्याही, मी आयुष्यात एवढा पळालो नाही. हंडा उचलला आणि पाजायचं सोडून अख्खा तुमच्या डोक्यावर ओतला. तुम्ही कुडकुडत म्हणालात, "सापसुरळीनं सोडलं, पर पाव्हण्यानं मारलं."

मग तुम्ही माझं कोरडं धोतर नेसून ओट्यावर उन्हाला बसलात. अर्धा गाव समोर. एक म्हातारी आधीच गळा काढायच्या तयारीनं बसली होती, तिला तुम्ही तंबाखू मागितलीत. हौसा उंबऱ्यात बसली होती, पोर मांडीवर, डोळे तुमच्या करंगळीवर. बोटावर दातांचे बारीक ठिपके होते, त्यापलीकडं काही नाही. ऊन वर चढलं. लोकांना आपापली कामं आठवली. म्हातारी निराश होऊन उठली. तुम्ही भाकरी मागितलीत, ठेच्याबरोबर खाल्लीत, आणि त्या बोटाला ठेचा झोंबला तेव्हा पहिल्यांदा "आयाई गं" म्हणालात. त्यावर हौसा हसली. पंचमीपासून ती हसली नव्हती.

ती उठली, बाळूची अंगडी-टोपडी गाठोड्यात बांधली आणि म्हणाली, "तात्या, चला, गाडी चुकंल."

आईनं घाईघाईनं ओटी भरली. मी स्टेशनापर्यंत आलो. वाटेत मला तुमचे उपकार मानायचे होते. तोंडातून निघालं ते असं, "धोतर परत पाठवा, नवीन हाय." तुम्ही म्हणालात, "बघू." ते धोतर तुम्ही परत पाठवलं नाहीत.

पुढची वर्षं सुखाची गेली. लढाई संपली, शामराव हातीपायी धड परत आले, हौसाला मुलगी झाली. मी दर उन्हाळ्यात तुमच्याकडं येऊन राहायचो आणि गार पाल्यात बसून तुमचं खोटं पाडायचा प्रयत्न करायचो. रॉकेल मिळत नव्हतं तेव्हा तुमच्या सोप्यातला दिवा जरा वेळच लागायचा. तो लागला की पाली भिंतीवर आपापल्या जागी येऊन बसायच्या. बाळूनं त्यांना नावं ठेवली होती, आणि सगळ्यात जाड पालीला माझं नाव होतं, ते कोणी सुचवलं हे मला विचारायची गरज नाही. एकदा तुम्ही भिंतीच्या फटीतली पालीची अंडी त्याला दाखवत होता, पांढरी, वाटाण्याएवढी. विहीणबाई आतून ओरडल्या, "आवं, पोराला काय दावताय त्ये! हात धुवा आधी!" तुम्ही दोघंही चोरासारखे हात धुवायला पळालात.

हौसा मात्र पुरती तुमची झाली. वेली उतरवायच्या दिवसांत बाहेरचे गडी यायचे. वेल खाली ओढून, वेटोळं करून मातीत पुरायची, म्हणजे सगळा पाला उलथापालथा व्हायचा. तेव्हा एकानं खुरप्यानं सापसुरळी उडवायला हात उगारला, तर हौसा वाफ्याच्या कडेवरून कडाडली, "हात लावू नगंस रं तिला! तिची जागा हाय ती." मी बांधावर बसून ऐकत होतो. माझी पोरगी ती. तुम्ही माझ्याकडं बघून मिशीत हसलात. मी दुसरीकडं बघितलं.

शेवटचा भेटलो तो तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर. खाट सोप्यात होती, दुपार होती, पोरं बाहेर खेळत होती. ताप उतरत नव्हता, पण बोलणं शाबूत होतं. मी आपलं तुमचं मन रमवावं म्हणून वाळवीचा विषय काढला. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. तुमी जिंकलासा." मला ते मुळीच आवडलं नाही. मग इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"तात्या, त्या दिवशी सापसुरळीला बोट दिलंत, तवा तुमाला पक्कं ठावं हुतं, न्हवं? तिला इख नसतं म्हणून?"

तुम्ही वर तुळईकडं बघितलंत. "पक्कं कुठलं? मी बी त्येच ऐकत आलो हुतो, चावली की मानूस पानी मागत न्हाई. मला कवा चावली नव्हती एवढंच. उचलली की गप ऱ्हायाच्या. ही बी गप ऱ्हाईल आसं वाटलं हुतं. चावली तवा म्हनलं, झालं."

"मग आवं, बोट घातलंसाच कशाला?"

"सून न्यायाला आलो हुतो, पाव्हणं. रिकाम्या हातानं कसा जाणार?"

आणि तुम्ही डोळे मिटलेत, दमून. मी खाटेशेजारी बसून राहिलो. एवढी वर्षं मी गावभर सांगत आलो होतो की आमच्या व्याह्यांना या जीवांची खडानखडा माहिती, म्हणून ते धजले. तुम्ही त्या सकाळी ओट्यावर उन्हाला बसून तंबाखू मळत होता, थट्टा करत होता, भाकरी खात होता, आणि आतून मरणाची वाट बघत होता. माझ्या दारात, माझ्या लेकीसाठी. मी तुमचा हात हातात घेतला. तुम्ही झोपेत होता की नव्हता कोण जाणे. मला बोलायचं होतं ते तेव्हाही निघालं नाही. आता लिहितो. व्याही, मी हौसाचा बाप खरा, पण तिच्यासाठी मी संतापण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तुम्ही जीव पणाला लावलात, आणि वर ते तिला कळूही दिलं नाहीत. तुमचे उपकार मोठे आहेत.

तुमचं सगळं कार्य उरकल्यावर मी निघायची तयारी केली. हौसाचा चेहरा उतरला होता, डोळे खोल गेले होते. अशा वेळी बापानं लेकीला चार दिवस माहेरी न्यावं ही आपल्यातली रीतच. शामराव म्हणाले, "न्या की आबा, तेवढाच तिला इसावा." विहीणबाईंनीही रडत रडत मान हलवली. मी हौसाला सांगितलं, "गाठोडं बांध, सकाळच्या गाडीनं निघू."

ती मळ्याच्या दाराशी उभी होती, अनवाणी. तिनं मान हलवली.

"न्हाई, आबा. म्हायारी आले आन् परत पाय निघाला न्हाई, तर मला न्यायाला कोन येनार?"

"शामराव येतील की."

"येतील." तिनं डोळे पुसले आणि जरा हसली. "पर तात्यांनी एकदा न्यालंय न्हवं, त्येवढं बास हाय. आता मी हितनं हलत न्हाई."

एवढं बोलून ती आत वाफ्यांना पाणी द्यायला गेली. लेक "येत नाही" म्हणाली तर बापाला वाईट वाटायला हवं. सकाळी मी मिरजेच्या स्टेशनवर आलो, एकट्याचंच तिकीट काढलं, आणि व्याही, का कोण जाणे, मला फार बरं वाटलं.